डेक्सा स्कॅनला जायच्या आधी

प्रिय शुभे,

मनगट मोडल्यावर डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, सांगितला आणि तू तो पुढे पुढे ढकलतेयस, हे वाचून राहवेना. अगं, उभ्या उभ्या घसरून मनगट मोडणं हीच हाडं ठिसूळ झाल्याची खूण असू शकते, त्यात तुझी पाळी चाळिशीतच गेली, मग डॉक्टर सांगणारच ना!

एमआरआयसारखं बोगद्यात जायचं नसतं गं. उघड्या टेबलावर पाठीवर झोपायचं आणि अंगावरून एक दांडा हळूहळू सरकतो, सुई नाही, उपाशी राहणं नाही. आधी पायांखाली मऊ ठोकळा देऊन कमरेचा मणका बघतात, मग खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात, तेवढं जरा अवघडल्यासारखं होतं. पंधरा-वीस मिनिटांत मोकळी. एक्सरेच असतो पण छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी किरणं.

नाडीची सलवार घालून जा, चेन-हूक-धातूची बटणं नकोत. कॅल्शियमच्या गोळ्या आदल्या दिवसापासून बंद. आणि नुकताच डाय (फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर आधीच सांग, मग थोडे दिवस थांबायला सांगतात.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघ. तरुणपणीच्या धडधाकट हाडांशी तुलना असते ती, -1 च्या वर नॉर्मल, -2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, मधलं ते ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता थोडी कमी. माझा खुब्यात -1.9 आणि मणक्यात -2.6 आला, तर सगळ्यात कमी तोच धरतात, म्हणून माझं औषध सुरू झालं. उतारवयात मणक्याची झीज झाली असेल तर तिथला आकडा उगाच चांगला दिसतो, त्यामुळे खुब्याचा आकडा जरूर विचार.

आणि सोसायटीतल्या शिबिरात टाचेवर मशीन लावून "हाडं मस्त आहेत" म्हणाले त्यावर विसंबू नकोस, ती सोनोग्राफीसारखी तपासणी, निदान त्यावर करत नाहीत. आणि पुढच्या वेळी डेक्सासाठी शक्यतो आत्ता जाशील त्याच सेंटरला जा, वेगळ्या मशीनचे आकडे नीट जुळत नाहीत.

माझ्या आईचा खुबा मोडला तेव्हा तिची एकही तपासणी झालेली नव्हती, नंतर ती काठीशिवाय चाललीच नाही. तुझ्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाहीये मला. उद्याच अपॉइंटमेंट घे, सकाळची मिळाली तर मी येते बरोबर.

तुझी,
मीना