मान दुखणाऱ्या छोट्या कुत्र्याचा आधी एक्स-रे काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्या पेपरात पाळीव प्राण्यांवर बरंच येतं, लसीकरण, खाणंपिणं, उन्हाळ्यातली काळजी वगैरे, आमच्या घरी सगळे वाचतात. पण टॉय पॉम, चिवावा, यॉर्की असली दोन-अडीच किलोची कुत्री आता फ्लॅटाफ्लॅटात आलीयत आणि त्यांच्या मानेच्या एका दुखण्याबद्दल मात्र मराठीत कुठेच काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मानेचा पहिला मणका आणि दुसरा मणका यांच्यातला सांधा सैल असणं, हे ते दुखणं. बाकीच्या मणक्यांमध्ये गादी असते, या दोघांत ती नसतेच. दुसऱ्या मणक्याला पुढे दातासारखं टोक असतं, ते पहिल्याच्या कड्यात बसतं आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे चिवट पट्टे, त्याला धरून ठेवतात, सगळा भार त्यांच्यावर. छोट्या जातींतल्या काही कुत्र्यांत हे टोक जन्मतःच आखूड असतं किंवा नसतंच, नाहीतर लिगामेंट कच्चे असतात, मग सोफ्यावरून मारलेली उडी, मोठ्या कुत्र्याशी मस्ती, पट्ट्याला बसलेला हिसका एवढंही पुरतं, दुसरा मणका वर उचलला जातो आणि मज्जारज्जू दाबला जातो. बहुतेक वेळा वयाच्या दोन वर्षांच्या आतच त्रास दिसायला लागतो. मोठ्या कुत्र्यांना, रस्त्यावरच्यांनाही, गाडीची धडक बसली की हाच दुसरा मणका मोडायची भीती असते. हे काही नवीन दुखणं नाही, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कुत्र्यांमधलं हे दुखणं १९६७ सालीच लिहून ठेवलंय.

आमची चिंगी आठ महिन्यांची असताना वाटीपाशी जाऊन नुसती उभी राहायची. भूक असायची, शेपटी हलायची, पण तोंड खाली जायचं नाही, वाटी हातात धरून तोंडासमोर नेली की मात्र सगळं खायची. उचलायला गेलं की केकाटायची, नंतर नंतर पुढचा पंजा उलटा पडायला लागला आणि चालता चालता ती एका कुशीवर पडायची. जवळच्या क्लिनिकमध्ये कॅल्शियम आणि जंताचं औषध मिळालं, मग दुखण्याचं इंजेक्शन, त्याने दोन दिवस बरं वाटलं आणि ती परत सोफ्यावर चढायला बघायला लागली. खरा धोका तिथेच असतो, कारण दुखतंय म्हणून कुत्रं मान आखडून धरतं, ते आखडणंच सांध्याला सांभाळत असतं, दुखणं दबलं आणि पिल्लू मोकळं सोडलं की मणका आणखी सरकू शकतो. शिवाय स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या एकत्र दिल्या तर पोटात अल्सर होऊ शकतात ते वेगळंच. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला हात लावायच्या आधी नुसतं चालताना बघितलं आणि मानेचा एका बाजूने एक्स-रे काढला, त्यात दोन मणक्यांमधली फट आम्हालासुद्धा दिसली.

एक्स-रे काढताना मान जोराने वाकवायची नाही, हे ते टेक्निशियनला परत परत सांगत होते. भुलीत स्नायू सैल पडतात, तेव्हा तर मान आणखी जपायची. ऑपरेशन ठरलं की सीटी स्कॅन लागतो, हाड किती जाड आहे आणि स्क्रू कुठून घालायचा ते त्यात कळतं, मज्जारज्जूला किती मार बसलाय हे बघायला एमआरआय.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे हनुवटीपासून छातीपर्यंत घट्ट स्प्लिंट, म्हणजे मान हलू न देणारा कडक आधार, बांधून कुत्र्याला दोन-तीन महिने पिंजऱ्यात ठेवायचं, सांध्याभोवती आतून व्रणासारखे जाड तंतू तयार होतात आणि ते मणक्यांना धरतात अशी त्यामागची आशा. पिल्लू फारच लहान असेल, हाडं स्क्रू पेलणार नाहीत, त्रास हलका असेल किंवा पैशाची सोय नसेल तर हाच मार्ग, आणि त्याने बरी झालेली कुत्री आहेत, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण बँडेजखाली चट्टे पडतात, खाणं आत जाऊन ओल धरते, आणि स्प्लिंट काढल्यावर दुखणं उलटलेल्या केसेसही आहेत.

दुसरा म्हणजे ऑपरेशन. पूर्वी मानेच्या वरच्या बाजूने तार घालून दोन मणके बांधायचे, पण ती तार पहिल्या मणक्याच्या कमानीखालून, म्हणजे अगदी मज्जारज्जूला लागून न्यावी लागते, आणि पुढे तार तुटते नाहीतर हाडच कापलं जातं. आता जास्त करून गळ्याच्या बाजूने करतात. कुत्र्याला उताणं ठेवतात, श्वासनळी आणि अन्ननलिका हळूच बाजूला घेतात, सांध्यावरची कूर्चा खरवडून काढतात, खांद्याजवळच्या हाडातला मऊ भाग काढून तिथे भरतात आणि आरपार स्क्रू घालतात, वर बोन सिमेंट, माणसाच्या गुडघेबदलीत वापरतात तसलंच. दोन्ही मणके एकमेकांना कायमचे जुळून यावेत हा त्यातला उद्देश. अडीच किलोच्या कुत्र्यात स्क्रूला मिळणारी जागा काही मिलिमीटरची असते, म्हणूनच परदेशात आता स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरने ड्रिलसाठी गाईड बनवून घेतात.

धोका आहे आणि तो लपवू नये असं मला मनापासून वाटतं. श्वासाचे संदेश मानेतल्या याच मज्जारज्जूतून खाली जातात, त्यामुळे काही कुत्री टेबलावर किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत जातात, काहींना खाणं श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो, कधी स्क्रू सरकतो आणि परत ऑपरेशन करावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी हे सगळं सही घ्यायच्या आधी समोर बसवून सांगितलं म्हणून आम्हाला विश्वास वाटला. पण यातून पार पडलेल्या बहुतेक कुत्र्यांना चांगला फरक पडतो, वय कमी, त्रास नवा आणि पाय अजून चालते असतील तर जास्तच. चिंगीला सुरुवातीला अन्नाचे छोटे गोळे करून, तिला बसतं धरून भरवावं लागायचं, सासूबाईंनी ते काम आपणहून घेतलं आणि कुणाला करू दिलं नाही. आज ती चालते, मागून थोडी डुलते, पण खाली वाकून स्वतः खाते. चारही पाय गेलेत म्हणून छोट्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की आधी मानेचा एक्स-रे काढा, बाकीचं नंतर बोलू.

पालकांनी गळ्यात पट्टा न घालता छातीचा हार्नेस घालावा, ग्रूमिंगवाल्याला टेबलावरच्या दोरीचा फास गळ्यात घालू देऊ नये, आणि दुखण्याची शंका असेल तर मानेच्या शिरेतून रक्त काढू नका असं स्पष्ट सांगावं. आणि विकणाऱ्यांचं काय? 'टीकप पॉम' म्हणून जितकं लहान तितकं महाग विकतात, ज्या जोडीची पिल्लं अशी निघतात तीच जोडी परत परत लावतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण घेताना नोंदणीचा कागद मागणारं गिऱ्हाईक मी तरी अजून बघितलेलं नाही.

शेवटचं सरकारसाठी. परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात १८८६ पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीरलाही कॉलेजं आहेत. मणक्याचं ऑपरेशन यापैकी कुठे होतं, स्कॅन कुठे होतो, कुठल्या वारी कुणाला भेटायचं आणि साधारण खर्च किती, एवढी माहिती पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने मराठीत जाहीर करावी आणि प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात लावावी. अशा कुत्र्याला घेऊन चुकीच्या गावी जाणं परवडत नाही, गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला मान हलते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली