जुलाबाची गोळी आणि टाचेचे दुखणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलाब सुरू झाले की अनेक जण चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतात. पाण्यासारखे बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. तेवढे दिवस हवे असते ओआरएस: मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धे-पाऊण नाही. ताप किंवा शौचात रक्त असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.

ओफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातले प्रतिजैविक. या कुळाचा त्रास मळमळीपुरता नसतो. टाचेमागची जाड कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी) दुखते, सुजते, क्वचित तुटतेही. हे पहिल्या दोन दिवसांत होऊ शकते, तसेच गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही. त्यामुळे गोळीशी संबंध कुणी जोडत नाही आणि पाय मुरगळला समजून चोळत बसतात. असे दुखू लागले तर गोळी थांबवावी, पायावर भार देऊ नये, डॉक्टरांना गाठावे. साठी ओलांडलेल्यांना आणि दम्या-सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंडरेबाबत औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा २००८ मध्येच छापायला लावला. सायनस, ब्राँकायटिस आणि लघवीचा साधा संसर्ग यांना दुसरे औषध चालत असेल तर हे देऊ नये, असे २०१६ मध्ये बजावले.

मधुमेहींनी तर फारच जपावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असताना ही गोळी घेतली तर साखर एकदम उतरू शकते, त्यात जुलाबामुळे जेवण तुटलेले असते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला की शुद्धीवर असलेल्याला लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठावे. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांचे रक्त अधिक पातळ होऊ शकते. पाठदुखीच्या गोळीत टिझानिडीन असेल तर तिच्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन अजिबात नको, रक्तदाब कोसळतो.

कॅल्शियम, लोह, झिंक किंवा ॲसिडिटीचे पातळ औषध सोबत घेतल्यास प्रतिजैविक त्यांना चिकटून बसते आणि शरीरात पुरते शोषलेच जात नाही. ओफ्लॉक्सासिनच्या आधी-नंतर दोन-दोन तास ही औषधे टाळावीत.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत पुन्हा जुलाब लागले, पोटात कळा आल्या, ताप आला, तर लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीने ते दाबू नयेत. आतड्यातले नेहमीचे जिवाणू मेल्यावर क्लोस्ट्रिडियम डिफिसिल हा त्रासदायक जिवाणू माजू शकतो, त्याची शौचाची तपासणी वेगळी असते.

पाकिटावरची उभी लाल रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ हेच सांगते. केमिस्ट बांधवांनी गोळी कापून देण्याआधी वय, मधुमेह आणि चालू औषधे एवढे तरी विचारावे. आणि त्रास झालाच तर पाकीट फेकू नका. औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि गोळी सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. रुग्ण स्वतःसुद्धा भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो.

– एक औषधनिर्माता, सातारा