दंतवैद्यकातील संशोधकांसाठी सरकारने तरतूद करावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केल्यापासून दंतवैद्यक शिक्षणाविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले, ते बहुतांशी प्रवेश, शुल्क आणि पदवीनंतरची एक्झिट टेस्ट यांच्याविषयी होते. या शास्त्रात संशोधन करणारी माणसे कोठून येणार आणि ती तयार होईपर्यंत त्यांच्या चरितार्थाची सोय कोण करणार, हा प्रश्न त्या चर्चेत मला कोठेच दिसला नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ विदर्भात मुखविकृतिशास्त्र, म्हणजे तोंडाच्या आजारांचे शास्त्र, शिकवले आहे, म्हणून तो येथे मांडण्याची परवानगी मागतो.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारा एक रुग्ण वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. वय वीस-बावीस, दिवसाला खर्र्याच्या (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या मिश्रणाच्या) चार-पाच पुड्या, आणि तक्रार अशी की तिखट सोसत नाही व भाकरीचा घास तोंडात जात नाही. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी जातात. या मुलाच्या तोंडात एक बोटही जेमतेम शिरते. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ, चामड्यासारखी झालेली असते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आपल्याकडे त्याचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. याचे मुख्य कारण सुपारी आहे, हे आज निश्चित झाले असून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवाय खाल्ली तरीही, कर्करोगकारक ठरवले. एकदा ताठ झालेला गाल पूर्ववत करणारे औषध मात्र सत्तर वर्षांनंतरही आमच्या हाती नाही. खर्रा, मावा, गुटखा आणि बायकांची मिश्री ही आपली व्यसने आहेत. त्यांच्यावरचा उपाय लंडन किंवा बोस्टनच्या प्रयोगशाळेत कोणी आपणहून शोधत बसेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

या आजारांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, ते कोणाच्या पैशातून कळले, हे सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जी संस्था लोक भौतिकशास्त्रासाठी ओळखतात तिथे, डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग होता. या विभागाने १९६६ पासून भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पन्नास हजारांहून अधिक माणसांची तोंडे तपासली. पुढे महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग त्यांचे सहकारी होते. त्यानंतर तीन जिल्ह्यांतील ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटून, समजावून आणि तपासून या मंडळींनी दाखवून दिले की लोकांनी तंबाखू कमी केली की तोंडातील, पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या, पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाणही घटते. या दीर्घ कामाला पैसा मिळाला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून, पी. एल. ४८० च्या, म्हणजे अमेरिकी गहू आपल्याला रुपयांत विकण्याच्या कराराच्या, निधीतून. रेशनच्या दुकानापुढे त्या गव्हासाठी रांगेत उभे राहिलेले वाचक आजही असतील. आपण त्या गव्हाचे जे रुपये भरले, त्यांतलाच एक भाग फिरून आपल्या तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासाला लागला. ज्यांनी ही वाट काढली त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण आपल्या सर्वांत मोठ्या दंतसंशोधनाची भिस्त धान्याच्या एका करारावर असावी, याची रुखरुख मला नेहमी लागून राहिली.

त्याच गटाचा आणखी एक अभ्यास मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. एर्नाकुलम जिल्ह्यातील सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर त्यांनी १७ वर्षे लक्ष ठेवले आणि त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हा आजार कर्करोगाकडे नेतो, असे आम्ही आज रुग्णाला सांगतो, त्यामागे असे पुरावे आहेत. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागली ती सतरा वर्षे टिकून राहणारी माणसे, त्यांचा पगार, एसटीचे भाडे, नोंदवह्या, आणि ‘हा रुग्ण यंदा का भेटला नाही’ म्हणून पुन्हा त्या गावी जाण्याची सवड. आमच्या महाविद्यालयांना इमारतीसाठी व उपकरणांसाठी निधी अधूनमधून मिळतो. माणसासाठी मागितला की फाइल अडते.

आजची स्थिती काय आहे? देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, आणि एमडीएस या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो. म्हणजे दरवर्षी हजारो प्रबंध होतात. त्यांतील बहुतेक तीस-चाळीस रुग्णांवर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्चाने, परीक्षेच्या मुदतीत बसतील एवढेच होतात आणि ग्रंथालयाच्या कपाटात जातात. यात विद्यार्थ्यांचा दोष मला दिसत नाही. संख्याशास्त्र नीट शिकवणारा माणूस त्यांना भेटत नाही, आणि पदवी मिळाली की त्या विषयाकडे परत येण्याचा मार्गच उरत नाही. माझी एक विद्यार्थिनी खर्रा खाणाऱ्यांच्या लाळेतील बदलांवर फार चांगले काम करत होती. पुढे पीएच.डी. करायची तर विद्यावेतनाविना, नोकरी सांभाळून, रात्रीच करावी लागेल असे दिसल्यावर तिने दवाखाना काढला. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. तिला थांब म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती देते, तिचा लाभ बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, मुलेही घेतात, आणि परिषदेच्या इतर काही योजनांतही दंतवैद्यांना अर्ज करता येतो. हे चांगलेच आहे. पण दोन महिन्यांच्या शिष्यवृत्तीने रुची निर्माण होते, संशोधक घडत नाही. परिषदेच्या संस्थांमध्ये विषाणूंसाठी पुण्यात, प्रजनन आरोग्यासाठी मुंबईत स्वतंत्र संस्था आहेत. दंत व मौखिक आरोग्यासाठी देशात एकही नाही. अमेरिकेने अशी राष्ट्रीय संस्था १९४८ मध्येच स्थापन केली. योगायोग असा की आपला दंतवैद्य कायदाही १९४८ मध्येच झाला. त्यांनी त्या वर्षी संशोधनाची व्यवस्था उभारली, आपण व्यवसायाच्या नोंदणीची. ती अमेरिकी संस्था आजही दंतवैद्यांना पदवीबरोबर पीएच.डी. करता यावी म्हणून अनेक वर्षांचे विद्यावेतन देते. तिथले निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून मुलांची दातांची कीड निम्म्याहून कमी केली. आपल्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइड विहिरी-बोअरच्या पाण्यातच इतके आहे की मुलांचे दात तपकिरी होतात आणि हाडे दुखतात. आपला प्रश्न उलटा असल्याने त्याचे उत्तरही येथेच शोधावे लागेल.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दात काढायला डॉक्टर मिळत नाही, तेथे संशोधनावर खर्च कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या चाचणीत मिळते. तेथे प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली, आणि तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी काय करता येते, हे संशोधनानेच दाखवले. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले, आणि तेही गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आल्यानंतर. तेव्हा अशा पुराव्याची गरज आपल्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

माझी विनंती राज्य शासनाला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि संशोधन परिषदेला आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मिळून दरवर्षी निदान दहा एमडीएस पदवीधरांना पाच वर्षांच्या पूर्णवेळ संशोधन अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) द्याव्यात. त्यांचे विद्यावेतन शासकीय रुग्णालयातील वरिष्ठ निवासी डॉक्टरांपेक्षा कमी नसावे, कारण विज्ञान शाखेच्या कनिष्ठ अधिछात्रासाठी २०२३ पासून असलेले दरमहा ३७,००० रुपये कर्जात बुडालेल्या तिशीच्या डॉक्टरला थांबवू शकत नाहीत. पहिल्या वर्षी त्यांना साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण मिळावे, आणि गावोगावी फिरण्याचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली मंजूर व्हावा. शिकवणाऱ्या अध्यापकांनाही आठवड्यातील दोन दिवस रुग्ण व तासिकांतून मोकळीक हवी, नाहीतर या मुलांना मार्गदर्शन करणार कोण?

पाच वर्षे संपल्यावर या व्यक्तींसाठी महाविद्यालयांत संशोधकाची कायम पदे असावीत, हीही मागणी मी जोडतो. ६६ रुग्णांचा तो अभ्यास पाच वर्षांनी थांबला असता, तर त्यातील पाच कर्करोगांपैकी किती नोंदले गेले असते, याचा विचार अर्थ विभागाने जरूर करावा.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त दंतवैद्यक अध्यापक, नागपूर