विषय : धाकट्या राजकन्येचं पाकीट आलंच नाही, आणि जे आलंय त्यातपण घोळ

नमस्कार कस्टमर केअर,

मागच्या महिन्यात तुमच्याकडनं डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायच्या खेळासाठी, राजघराण्याच्या वारसांचा बॉक्स मागवला होता. तीन वारस, तीन सीलबंद पाकिटं, प्रत्येकात तीन जादूच्या वस्तूंची कार्डं, सगळं त्या खेळाच्या पाचव्या एडिशनच्या नियमांनी बॅलन्स केलेलं, असं तुमच्याच साइटवर लिहिलंय. २,४५० रुपये आधीच भरलेत.

आम्ही दर रविवारी जुळे सोलापूरला माझ्या घरी खेळतो, खाली चादर अंथरून, आणि फासे परातीत टाकतो कारण आपल्या सोलापुरी चादरीवर ते लोळतच नाहीत ओ, जाग्यावर बसतात. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मीच. राजा मरायला टेकलाय आणि तिन्ही पोरांना बोलावून आपल्या हातानं वाटणी करतोय असा सीन होता, मी आवाज वगैरे काढून एकेकाला पाकीट दिलं. थोरला माझा मित्र, मधला त्याचा भाऊ, धाकटी माझी भाची, नववीत आहे. तिनं पाकीट फोडलं, कार्डं बघितली आणि म्हणाली, "मामा, मला पण दादाचंच दिलंय की." वरती नाव धाकटीचं, आत थोरल्याची तीन कार्डं, जशीच्या तशी!

आता तुम्ही म्हणाल कार्डंच तर आहेत. तसं नाही. धाकटीच्या पाकिटात जादूनं शोध न लागू देणारा ताईत होता, तो गळ्यात असला की कुठलाच मांत्रिक मंत्रानं तिला बघू शकत नाही, आणि तुमचं अख्खं ॲडव्हेंचर त्यावरच उभंय, ती लपून राहते म्हणून तर वाचते. ताईतच नाही म्हटल्यावर दरबारातल्या मांत्रिकानं तिला पहिल्याच रात्री शोधलं. पुढची चार पानं बाद, मी दोन तास मनानं रेटून नेलं.

थोरल्याचंपण सांगतो. त्याची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, तुम्हीच १८ छापलीय आणि त्याला हातमोजे दिलेत स्ट्रेंग्थ १९ करणारे. अहो, फाशाच्या आकड्यात १८ ला पण प्लस ४ मिळतात आणि १९ ला पण प्लस ४, मग फायदा काय? उलट एका माणसाला तीनच वस्तू ॲट्यून करता, म्हणजे जादू चालावी म्हणून स्वतःशी जोडून घेता, येतात, त्यातली एक जागा फुकट गेली. तेच मोजे चुकून भाचीला आले, तिची स्ट्रेंग्थ ८, म्हणजे मायनस १ वरनं थेट प्लस ४, आणि तिनं दाराची कडी उपटून मांत्रिकाच्याच डोक्यात घातली. मजा आली हे खरं, पण ती तुमची कृपा नाही.

आणि तो संरक्षणाचा झगा. एसीला, म्हणजे वार लागायला समोरच्याला फाशावर गाठावा लागतो त्या आकड्याला, प्लस १ पाहिजे, कार्डावर प्लस ७ छापलंय. चिलखत १८, ढाल २, वर ७, झाले २७. गॉब्लिन या छोट्या राक्षसाच्या वाराला प्लस ४, त्याला वीस बाजूंच्या फाशावर कायम लागणारा २० पडल्याशिवाय थोरल्याला ओरखडापण येत नाही. मी म्हटलं छपाईची चूक आहे, तर मित्र कार्ड पुढं करून "छापलंय ते छापलंय" म्हणतोय, शेताच्या वाटणीत सातबारा दाखवतात तसं. अजून नीट बोलत नाही तो.

तुमच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "सर, इमॅजिनेशन वापरा." इमॅजिनेशन वापरायचंच होतं तर २,४५० कशाला भरले?

मला धाकटीचं बरोबर पाकीट आणि झग्याचं दुरुस्त कार्ड पाहिजे, कुरिअरचा खर्च तुमचा. मोज्यांच्या जागी थोरल्याला दुसरं काहीतरी कामाचं द्या. आठ दिवसांत जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा, नाहीतर मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार. बॉक्सचे आणि कार्डांचे फोटो सोबत जोडलेत, बिल पण आहे.

पाकीट पाठवायच्या आधी एकदा उघडून बघा, या वेळी पण भाची स्वतःच फोडणार म्हणतीय.

आपला ग्राहक,
जुळे सोलापूर