आकडा खरंच बदलला का, हे आधी तपासा

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीने कमी होती, पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. मग कुपोषण वाढलं का? एवढ्याशा फरकावरून तसं म्हणता येत नाही. पाचव्या फेरीत राज्यातल्या ३१,६४३ घरांची माहिती घेतली. दुसरी घरं निवडली गेली असती तर आकडा थोडा इकडेतिकडे झालाच असता.

खरी अडचण जिल्ह्यांत येते. समजा, एका जिल्ह्यात ३०० मुलांची उंची मोजली आणि ३५ टक्के खुजी निघाली. खरा आकडा ३० ते ४० मध्ये कुठेही असू शकतो. दोन फेऱ्यांची तुलना करताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते, आणि सात टक्क्यांचा फरकसुद्धा निव्वळ योगायोगाने पडू शकतो. त्यात हे सर्वेक्षण आधी गावं निवडतं, मग प्रत्येक गावातली २२ घरं. एका गावातल्या मुलांची अंगणवाडी एक, पाणी एक, दुष्काळही एकच. ती एकमेकांसारखी निघतात, त्यामुळे ही अनिश्चितता आणखी वाढते.

जिल्ह्याच्या पत्रकात मात्र दोन फेऱ्यांचे आकडे शेजारीशेजारी छापतात, चूक-मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हे, छापत नाहीत. निर्देशक, म्हणजे मोजलेल्या बाबी, १०४. योगायोगाने पडलेल्या शंभरातल्या पाच फरकांना चुकून ‘खरा’ म्हणणारी नेहमीची ५ टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही बदललेलं नसताना पाचेक निर्देशक ‘बदललेले’ दिसतील. अशा आकड्यावरून अंगणवाडी सेविकेला जाब विचारणं अन्यायाचं आहे. आणि नसलेली सुधारणा दिसली म्हणून एखाद्या जिल्ह्यावरचं लक्ष काढून घेणं त्याहून घातक.

सगळेच फरक असे नसतात. लहान मुलांमधला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला, हा योगायोग नव्हे. पण बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या मोजणीवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतलेले आहेत, आणि मोजणीतला दोष या कसोटीत सापडत नाही. तो वेगळा तपासावा लागतो.

हे सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्याच मुंबईत, देवनारला आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्यासोबत चूक-मर्यादा आणि फरकाच्या कसोटीचा निकाल विभागाने तिच्याकडून मागवावा. तो हाती येईपर्यंत जिल्ह्यांचे क्रमांक लावू नयेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक