काजूचा मोहोर ढगाने नाही, ढेकण्याने जळतोय

संपादक साहेब,

कालच्या अंकातली 'ढगाळ हवामानाने काजूचा मोहोर करपला' ही बातमी वाचली आणि खरं सांगतो, डोकंच फिरलं. अहो मोहोर ढगाने जळत नाही, ढेकण्या नावाचा किडा रस शोषतो म्हणून जळतो. ढगाळ हवा त्याला मानवते एवढंच, पण अख्ख्या बातमीत त्याचं नावसुद्धा नाही!

गेल्या हंगामात आमच्या बागेत मोहोर असाच काळा पडला, दुकानदाराने न बघताच करपा आहे म्हणून बुरशीनाशक गळ्यात मारलं, पैसेही गेले आणि मोहोरही गेला. शेवटी भल्या सकाळी मोहोराचे दांडे फिरवून बघितले तर हा तिथेच बसलेला. काळं डोकं, तांबूस छाती, डासासारखे लांब पाय आणि पाठीवर टाचणी टोचल्यासारखा उभा काटा, टोकाला बारीक गाठ. हा काटा दिसला की हेलोपेल्टिस, म्हणजे आपला ढेकण्याच, दुसरं काही नाही. सोंड खुपसतो तिथे त्याच्या लाळेने आधी पाणचट डाग पडतो, मग तपकिरी, मग काळा, आणि असे डाग एकमेकांत मिसळले की दांडाच वाळतो. कोवळी बी असेल तर तीही गळते. अंडी तो कोवळ्या देठाच्या आत घालतो, बाहेर फक्त केसासारखे दोन तंतू, ती आपल्याला कुठली दिसायला. आसामात चहाच्या मळ्यांची वाट लावणारा किडाही याच कुळीतला.

पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी फुटली की हा येतो आणि तुम्ही बातमी देता जानेवारीत! तेव्हा शेतकऱ्याने करायचं काय? झाडावरच्या लाल ओंबील मुंग्या याला खातात, पण चावतात म्हणून लोक त्यांची घरटी जाळतात, हेही कोणीतरी लिहा ना.

आणि त्या बातमीतला तो फोटो! तो आंब्यावरचा तुडतुडा आहे हो. कोकणातल्या पेपरात तरी हे होऊ नये.

कृपया येत्या पालवीला नीट फोटोसकट माहिती छापा, फोटो माझ्याकडे आहेत, मागाल तेव्हा पाठवतो. आणि मोहोर ऐन फुललेला असताना सरसकट फवारणी करू नका हेही ठळक टाका, मधमाश्या मेल्या तर बी धरणार कशी?

एक काजू बागायतदार,
सावंतवाडी तालुका