रस्त्याला आरोळेंचं नाव द्या, पण पाटी पुरती लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जामखेडला पाहुणा आला की त्याला अहिल्यादेवींची चौंडी आणि खर्ड्याचा किल्ला दाखवायचा, हे आमचं ठरलेलं. पण सातासमुद्रापलीकडून माणसं इथे येतात ती ‘आरोळेंचा दवाखाना’ बघायला. या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं नाव द्यावं, तसा ठराव नगरपरिषदेने करावा, अशी माझी मागणी आहे.

नाव दोघांचं आणि पूर्ण हवं. आपल्याकडे महात्मा गांधींचाही ‘एम. जी. रोड’ होतो, तिथे ‘डॉ. आरोळे पथ’ एवढंच लिहिलं तर मेबलबाई पहिल्याच दिवशी गायब होतील. वेल्लोरला दोघं बरोबरीने शिकले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन १९७० साली दोघं जामखेडला आले आणि त्यांनी इथे गावोगावच्या आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, १९७९चा मॅगसेसे पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला. मग पाटीवरच एकटं का?

दुसरं म्हणजे, नावाखाली चार ओळी हव्यात. मुंबईत काळबादेवीजवळ डॉ. व्हिएगस स्ट्रीट आहे. १८९६ साली मांडवीतल्या रुग्णांना झालेला आजार प्लेग आहे हे ओळखणारे ते हेच डॉक्टर. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? नुसतं नाव लिहिलं की पन्नास वर्षांनी उरतो तो फक्त पत्ता.

आणि चार ओळी लिहायच्या तर त्यात आरोळे दाम्पत्यापेक्षा ग्राम आरोग्य सेविका जास्त असायला हव्यात. १९७१ मध्ये प्रकल्पातल्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काही दशकांत हा आकडा पंचविशीच्या खाली आला. हे काम एकट्या डॉक्टरांचं नव्हतं. गावाने निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांनी ते केलं. आठवड्याला त्या जामखेडला शिकायला यायच्या. गरोदर बाईला तपासायचं कसं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी किती नि कधी पाजायचं, अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे सगळं शिकून गावी परतायच्या. वेगवेगळ्या जातींच्या या बायका तिथे एकत्र जेवायच्या आणि रात्री एकत्रच झोपायच्या. सत्तरच्या दशकातल्या आमच्या तालुक्यात हा धडा बाकी सगळ्या धड्यांपेक्षा अवघड होता, हे जुनी माणसं कबूल करतील.

बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराला गावोगावी हातपंप बसले, तेव्हा त्यांतले बरेच मुद्दाम दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवं तर हंडा घेऊन तिकडेच जावं लागेल, अशी ती जागा होती. भाषण नाही, मोर्चा नाही, नुसती पंपाची जागा. मला तरी आरोळेंचं सगळ्यात मोठं वैद्यकीय काम हेच वाटतं.

म्हणून आणखी एक मागणी, ही ग्रामपंचायतींकडे. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं तेव्हा सुचवली गेली. नावं चांगली आहेत, पण ती कुठल्याही जिल्ह्यात चालतील अशी आहेत. ज्या वस्तीतून, ज्या गल्लीतून एखादी सेविका पंचवीस-तीस वर्षं रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला गेली, त्या गल्लीला तिचं नाव का नको? हयात नसलेल्या सेविकांपासून सुरुवात करावी, म्हणजे वादही होणार नाही. आज ‘आशा’ म्हणून राबणाऱ्या सुनांना आणि लेकींना मानधनासाठी आंदोलन करावं लागतं. त्यांची पूर्वज कोण होती, ते निदान पाटीवर तरी दिसू दे.

पत्र्याची एक पाटी आणि ग्रामसभेत एक ठराव, एवढाच खर्च आहे. सेविकांची यादी कुठून आणायची, असं कुणी सरपंच विचारतील. गावातल्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारावं, तिची बाळंतपणं कुणी केली. ती नाव सांगेल.

– एक वाचक, जामखेड (जि. अहिल्यानगर)